एकदम पोटभर की थोडं थोडं? (आईच्या लोहाच्या गोळीवरून सुरू झालेला धागा)

हरिपूरची_पेवं | रविवार, रात्री १०.२०

या धाग्याला निमित्त आमची आई. वय ६३, वजन ५४ किलो, मुक्काम विश्रामबाग, सांगली. उन्हाळ्यात तिला दुसरा मजला चढताना दम लागायला लागला. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.२. डॉक्टरांनी लोहाची आणि कॅल्शियमची गोळी सुरू केली. चार महिने झाले, परवा परत तपासलं तर ९.४. माझा पहिला संशय अर्थातच आईवर: गोळ्या घेत नसणार. पण रिकाम्या पाकिटांची चळत रबर लावून फ्रीजवर ठेवलेली होती, पुरावा म्हणून. ती लेकीला पुरती ओळखून आहे.

मग एका रविवारी काही न बोलता नुसती तिच्यावर नजर ठेवली. साडेसहाला चहा. नऊला पोहे, त्याबरोबर दुसरा चहा. आणि त्याच चहाच्या घोटाबरोबर दोन्ही गोळ्या, लाल आणि पांढरी, एकदम. "विसरायला नको म्हणून एका झटक्यात उरकते." दुपारचं जेवण अडीचला, सगळ्यांचं झाल्यावर. हात धुतले की परत कपभर चहा. रात्री मालिका संपल्यावर पावणेदहाला अर्धी भाकरी आणि आमटीचं वरचं पाणी. का, तर रात्री हलकं बरं असतं.

ऑफिसात विषय काढला तर पाच मिनिटांत दीक्षित की दिवेकर (म्हणजे दिवसातून दोनदाच जेवा की थोडं थोडं खा) सुरू झालं आणि गाडी वजनावर गेली. मला कुणाचं वजन कमी करायचंच नाहीये. मला एवढंच कळून घ्यायचंय की पोटात गेलेलं अंगी कधी लागतं. एकदम जेवल्याने जास्त लागतं, की थोडं थोडं खाल्ल्याने? वेळेचा संबंध किती? इथे जाणकार आहेत, म्हणून विचारते.

भडंग_प्रेमी | रविवार, रात्री १०.४१

वाचतोय. आमच्याकडेही डिट्टो हाच चहा, हीच गोळी. फक्त आईच्या जागी बायको आहे आणि नजर ठेवायची माझी हिंमत नाही.

तंतुवाद्य_मिरज | रविवार, रात्री ११.३०

आहारतज्ज्ञ आहे, मिरजेत एका दवाखान्यात बसते. आधी एक महत्त्वाचं. पाळी थांबलेल्या बाईचं हिमोग्लोबिन ९ असेल तर नुसतं "लोह कमी पडतंय" म्हणून सोडून द्यायचं नाही. कुठून रक्त जातंय का ते बघावं लागतं. मूळव्याध, जठरातली जखम, आतड्यातलं काही. फेरिटिन (यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो) आणि बी-१२ तपासलंय का? नसेल तर डॉक्टरांना आठवण करा. बाकीचं त्यानंतर.

आता गोळीचं. लोह शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात. तिथलं दार अरुंद आहे आणि दारावर पहारा आहे. सांगलीकरांना मार्केट यार्डाचं उदाहरण देते. हळदीच्या गाड्या एकदम आल्या की फाटकावरचा माणूस सांगतो, आज आवक बंद, उद्या या. शरीरात हे काम हेप्सिडिन नावाचं संप्रेरक करतं, ते यकृतातून येतं. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की हेप्सिडिन वाढतं आणि साधारण २४ तास फाटक अर्धं ओढलेलं राहतं. म्हणजे दुसऱ्या दिवशीची गोळी येते ती बंद होत आलेल्या फाटकावर.

झुरिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये हे मोजलं. शरीरातला लोहाचा साठा कमी असलेल्या तरुण बायका घेतल्या. काहींना ६० मिलिग्रॅम लोह रोज दिलं, काहींना एक दिवसाआड. रोज घेणाऱ्यांच्या अंगी सरासरी १६ टक्क्यांच्या आसपास लागलं, एक दिवसाआड घेणाऱ्यांच्या जवळपास २२ टक्के. दिवसाचा डोस दोन भागांत सकाळ-संध्याकाळ दिला तरी फायदा दिसला नाही. आता या बायका तरुण होत्या, तुमच्या आई ६३ च्या आहेत, त्यामुळे हे वाचून परस्पर गोळी बदलू नका. डॉक्टरांना विचारा. बरेच डॉक्टर आता एक दिवसाआड देतात.

दुसरी गोष्ट पांढऱ्या गोळीची. कॅल्शियम आणि लोह एकत्र गेले की कॅल्शियम लोहाला आडवं येतं. त्यात चहा. चहातली टॅनिनं लोहाला घट्ट धरून ठेवतात, मग ते शोषलंच जात नाही. जेवणासोबतच्या चहाने डाळी-भाज्यांतल्या लोहाचं शोषण निम्म्याहूनही कमी झालेलं प्रयोगांत दिसलंय. तोच चहा तासाभराने घेतला तर नुकसान बरंच कमी होतं. तुमच्या आईंनी चार महिने गोळी घेतली हे खरं. पण ती चहात बुडवून, वर कॅल्शियमचं झाकण लावून घेतली.

हरिपूरची_पेवं | सोमवार, सकाळी ७.०५

"वर कॅल्शियमचं झाकण"! हे वाक्य आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या बाईला म्हणावं, गोळी देताना हे कुणी सांगितलं होतं का? मुद्दा बरोबर आहे. चिठ्ठीवर फक्त "१-०-०", म्हणजे सकाळी एक, एवढंच लिहिलेलं होतं, दोन्हीपुढे.

यवतेश्वर_घाट | सोमवार, सकाळी ९.१५

सगळं वाचलं. सातारकर, निवृत्त, वय ७१. माझी आजी आयुष्यभर जेवणावर गुळाचा चहा प्यायली, बशीत ओतून, फुर्र आवाज करत. ९२ व्या वर्षी गेली. तिला हेप्सिडिन माहीत नव्हतं. प्रत्येक घासाला घड्याळ लावलं तर माणूस जेवणार कधी?

तंतुवाद्य_मिरज | सोमवार, दुपारी १.५०

काका, आजी ९२ पर्यंत जगल्या हे ऐकून आनंद वाटला. पण त्यांचं हिमोग्लोबिन कुणी मोजलं होतं का? आपल्या आज्या आठ-दहा बाळंतपणं काढून, दम लागला तर "वय झालं" म्हणून गप्प बसायच्या. दमणं हे बायकांचं कामच समजायचे. तब्येत उत्तम असलेल्या माणसाने चहा कधीही घ्यावा, मी अडवणार नाही. ज्याच्या रक्तात लोह कमी आहे त्याने मात्र तासाभराचं अंतर ठेवावं. एवढंच घड्याळ.

आजींच्या ताटात बहुतेक कच्चा कांदा, आवळ्याचं लोणचं, लिंबाची फोड असणार. क जीवनसत्त्वाने भाकरी-डाळीतलं लोह शोषायला मदत होते, पण ते त्याच जेवणात हवं. सकाळी लिंबूपाणी आणि दुपारी मेथी, असं केलं तर त्या लिंबाचा मेथीला काही उपयोग नाही.

यवतेश्वर_घाट | सोमवार, दुपारी २.१०

लिंबाची फोड होती खरी. आणि बाळंतपणं अकरा. पटलं.

तालमीतला | सोमवार, रात्री ८.४५

मी साताऱ्यात जिमला जातो. आमचे सर म्हणतात एका वेळी ३० ग्रॅमच प्रोटीन शरीर घेतं, वरचं सगळं लघवीतून वाया. म्हणून दिवसातून सहा वेळा खायचं. पण आमचे आजोबा तालमीत होते, त्यांचा खुराक एका बैठकीत दोन लिटर दूध, वाटलेले बदाम, रात्री मटण. ते काय वाया घालवत होते का?

तंतुवाद्य_मिरज | सोमवार, रात्री १०.२०

नाही. इथे लोहाच्या बरोबर उलटा कारभार आहे, म्हणून "एकदम की थोडं थोडं" याचं एकच उत्तर देता येत नाही. प्रथिनांना अरुंद फाटक नाही. ५० ग्रॅम खाल्लीत तर जवळपास सगळी पचून रक्तात येतात, फक्त वेळ जास्त लागतो. ३० ग्रॅमची गोष्ट आली कुठून, तर स्नायू बांधण्याच्या वेगावरून. तरुण माणसाने एका वेळी २०-२५ ग्रॅम चांगलं प्रथिन घेतलं की पुढच्या काही तासांत तो वेग जवळपास शिगेला जातो, असं बऱ्याच प्रयोगांत दिसलं होतं. त्याचं जिमच्या भाषेत "वरचं वाया" झालं. २०२३ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टच्या संशोधकांनी व्यायामानंतर काहींना २५ ग्रॅम आणि काहींना १०० ग्रॅम दूधप्रथिन एकदम दिलं आणि १२ तास मोजत राहिले. १०० वाल्यांच्या शरीरात बांधणीचं काम जास्त झालं आणि जास्त वेळ चाललं. आजोबांचा खुराक अंगी लागत होता. खाल्ल्यावर ते हजार जोर मारत असतील, तेही त्यात धरा.

खरी अडचण दुसऱ्या टोकाला आहे, आणि ती पेवंताईंच्या आईंची. उतारवयात स्नायूंचा कान थोडा जड होतो. तरुणाला कमी प्रथिनात ऐकू जातं, साठीच्या पुढच्या माणसाला प्रत्येक जेवणात किलोमागे साधारण ०.४ ग्रॅम लागतं. ५४ किलोला गुणा: २१-२२ ग्रॅम. आणि आईंचं रात्रीचं ताट अर्धी भाकरी नि वरचं पाणी. ताई, तुम्हीच मोजून बघा. माझ्यापेक्षा आईंना तुमचं जास्त पटेल.

हरिपूरची_पेवं | मंगळवार, रात्री ११.००

मोजलं. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला, बाबा म्हणाले आता हिने सराफी सुरू केली.

एक भाकरी, शाळूचं पीठ ६० ग्रॅम: प्रथिन ६. आमटीची भरलेली वाटी, कोरडी तूरडाळ ३० ग्रॅम: ७ च्या आत-बाहेर. दही वाटीभर, १०० ग्रॅम: साडेतीन. शेंगदाण्याची चटणी दोन चमचे, १५ ग्रॅम: जवळजवळ ४. झाले वीस. काही विकतचं नाही, डबा-पावडर नाही, कालच्याच घरातलं जेवण.

आणि आईचं प्रत्यक्ष रात्रीचं ताट? अर्धी भाकरी ३ ग्रॅम. आमटीत तिने पळी वरून फिरवली आणि डाळ खालीच राहिली. दही रात्री चालत नाही. चटणी तिखट. सगळं मिळून पाच ग्रॅम असेल-नसेल. पळी खालून घाल म्हटलं तर म्हणाली, "खालचं तुझ्या बाबांना लागतं." चाळीस वर्षं आमच्या घरातली डाळ बाबांच्या ताटात आणि पाणी आईच्या ताटात. हे मला वयाच्या ३८ व्या वर्षी वजनकाट्याने कळलं.

भडंग_प्रेमी | मंगळवार, रात्री ११.२०

ही शेवटची ओळ वाचून उठलो आणि पातेल्यात पळी घालून बघितली.

पंचावन्न_मिनिटं | बुधवार, सकाळी ८.३०

मी चार वर्षं दीक्षित सरांचा मार्ग पाळतो. कडक भूक लागेल तेव्हा दोनदा जेवायचं, ५५ मिनिटांत संपवायचं, मध्ये काही नाही, वर पाऊण तास चालणं. ११ किलो उतरलो, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.४ वरून ५.६. दर दोन तासांनी तोंड हलवणं म्हणजे इन्सुलिनचा नळ चालू ठेवणं. अनुभव आहे म्हणून सांगतो.

कास_पुष्प | बुधवार, सकाळी ९.०५

आणि मी ऋजुता दिवेकरांचं ऐकून उठल्याउठल्या फळ किंवा भिजवलेले बदाम, मग दर दोन-तीन तासांनी घरचं थोडं थोडं, तूप न घाबरता. माझी ॲसिडिटी गेली आणि संध्याकाळचं वडापावचं वेड गेलं. दोन वेळा जेवून मी तर कुणाचा तरी खून केला असता.

पंचावन्न_मिनिटं | बुधवार, सकाळी ९.१२

पहिले आठ दिवस तसं वाटतं. नंतर नाही.

तंतुवाद्य_मिरज | बुधवार, दुपारी २.३०

हा धागा पण तिकडे जाणार होताच. दोघांचंही आपापल्या जागी खरं आहे, कारण दोघांनीही सटरफटर खाणं थांबवलं. एकूण उष्मांक तेवढेच ठेवून फक्त जेवणांची संख्या बदलली तर चयापचयाचा वेग काही फारसा बदलत नाही, हे मोजून झालेलं आहे. थोडं थोडं खाण्याची परिसीमा बघायची तर १९८९ चा टोरोंटोचा प्रयोग घ्या. तेच अन्न काही जणांना तीन जेवणांत दिलं, आणि त्यांनाच पुढे दिवसभरात १७ छोट्या खाण्यांत दिलं. १७ वेळा खाताना कोलेस्टेरॉल आणि इन्सुलिन दोन्ही कमी निघाले. पण दिवसातून १७ वेळा मोजून खाणारा माणूस मी मिरजेत तरी पाहिलेला नाही, आणि न मोजता १७ वेळा खाणारे रोज माझ्यासमोर बसतात.

या वादात एक प्रश्न कुणी विचारत नाही: दोन जेवणांत पोषण बसतं का? जो खवय्या आहे त्याचं बसतं. ज्याची भूक चिमणीएवढी आहे, म्हणजे बहुतेक म्हातारी माणसं, त्यांचं बसत नाही. कॅल्शियमचं बघा. ५०० मिलिग्रॅमच्या आत एका वेळी गेलं तर शोषलेला वाटा चांगला, एकदम हजार ओतलं तर टक्केवारी घसरते. बी-१२ चं दार तर फारच छोटं. एका वेळच्या जेवणातून दीड-दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास घेतलं की ती वाट भरते. म्हणून दूध-दह्यावर असलेल्या शाकाहारी माणसाला दोन-तीन वेळा वाटी-वाटी घेणं एकदम लिटरभर पिण्यापेक्षा बरं. (१००० मायक्रोग्रॅमची गोळी चालते ती वेगळ्या, मागच्या दाराने: त्यातला साधारण एक टक्का असाच झिरपतो, तेवढा पुरतो.)

आणि पंचावन्नदादा, तुम्ही साखरेची गोळी घेत नसाल म्हणून तुम्हाला जमलं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने ऐकीव माहितीवर सकाळचं खाणं बंद केलं तर साखर एकदम खाली येऊन चक्कर येते. असे दोन रुग्ण मी बघितलेत, एक तर मोटरसायकलवर होते.

चार_ते_बारा | बुधवार, रात्री ७.१०

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात पॅनवर, म्हणजे रस आटवून साखर पाडतात तिथं आहे, नाव सांगत नाही. गळीत सुरू झालं की आठवड्याला पाळी फिरते: चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार. रात्री आठच्या पाळीला बायको जो डबा देते तो मी रात्री एक-दीडला खातो. दोन भाकरी, कालवण, भात. पहाटे साडेचारला घरी आलो की परत चहा-चपाती आणि झोप. मागच्या महिन्यात कॅम्प होता तिथं उपाशीपोटी साखर ११८, तीन महिन्यांची सरासरी ६.२. डॉक्टर म्हणाले काठावर आहात, गोळी नको, जेवण सांभाळा. आता साखर कारखान्यात राहून साखर सांभाळायची म्हणजे बघा. जेवण तेवढंच हाय, दिवसपाळीलापण तेवढंच खातो. मग वेळेनं काय फरक पडतो?

तंतुवाद्य_मिरज | बुधवार, रात्री १०.००

दादा, फरक पडतो, आणि तुमच्या धंद्यात सगळ्यात जास्त पडतो.

शरीराला स्वतःचं घड्याळ आहे. ते घड्याळ पेशीत कसं चालतं हे शोधणाऱ्या तिघांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. मुख्य घड्याळ मेंदूत, ते उजेडावर चालतं. पण यकृताला, स्वादुपिंडाला, आतड्याला आपापली घड्याळं आहेत आणि ती बरीचशी जेवणाच्या वेळेवर लागतात. रात्री मेंदू म्हणतो झोपा, स्वादुपिंड इन्सुलिन सोडायला आळस करतं आणि स्नायूही इन्सुलिनचं नीट ऐकत नाहीत. त्यामुळे तेच ताट सकाळी खाल्लं तर साखर जेवढी चढते त्याहून रात्री जास्त चढते आणि उतरायला वेळ लावते. तुमच्या दीडच्या दोन भाकऱ्या नि भात नेमका त्या वेळी पोचतो.

बोस्टनमध्ये १९ निरोगी तरुण लोकांना नकली रात्रपाळीत ठेवून बघितलं, २०२१ मध्ये ते छापून आलं. जे रात्रीही जेवले त्यांची सरासरी साखर सुमारे ६ टक्के चढली. रात्री तेवढंच जागून, पण जेवण फक्त दिवसा घेतलेल्यांची चढली नाही. प्रयोग लहान आहे, आणि ते लोक तुमच्यासारखे पॅनपुढच्या उष्म्यात उभे नव्हते. तरी दिशा कळते.

तुम्ही असं करून बघा. डबा घरीच सातला जेवून निघा, पोटभर, भाकरी-कालवण-डाळ सगळं. रात्री एकला फुटाणे-शेंगदाणे मूठभर आणि ताक, किंवा दोन उकडलेली अंडी. भात नको. पहाटे घरी आल्यावर भूक असेल तर छोटं काही, पण चहा-चपाती ढोसून लगेच आडवं होऊ नका. खरं जेवण उठल्यावर. गोळी चालू नाही म्हणून हे सांगतेय.

चार_ते_बारा | बुधवार, रात्री १०.३०

सात वाजता जेवण म्हंजे बायकोला सहाला चूल पेटवाय लागंल. विचारून सांगतो. आणि कारखान्याचा चहा राहिलाच. त्यो चहा नसतो, पाक असतो.

हळदीचा_सौदा | गुरुवार, सकाळी १०.१५

अवांतर: हळदीच्या गावचा धागा आणि हळदीवर एक शब्द नाही? २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय. हळदीचं दूध रात्री घ्यावं की सकाळी, आणि अंगी लागतं का?

तंतुवाद्य_मिरज | गुरुवार, दुपारी १.३०

वेळेपेक्षा सोबत महत्त्वाची. हळदीतलं करक्युमिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं, आणि आतड्यातून फार कमी आत जातं. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की मिऱ्यातलं पिपरीन सोबत दिलं की रक्तातलं प्रमाण वीस पटींनी वाढतं. पण तिथे दोन ग्रॅम शुद्ध करक्युमिन होतं. चमचाभर हळदीत करक्युमिन तीन टक्क्यांच्या आसपास. तेव्हा तेलातली फोडणी हीच उत्तम, आणि पिपरीन घातलेल्या जहाल कॅप्सूलच्या नादी लागू नका. त्यांनी यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत.

हाच स्निग्धाचा नियम गाजर, पालक, भोपळ्यातल्या कॅरोटीनला आणि ड जीवनसत्त्वाला. ड जीवनसत्त्वाची आठवड्याची ६० हजार युनिटची पुडी लोक सकाळी रिकाम्या पोटी पाण्यातून घेतात. ती दिवसातल्या मोठ्या, तेल-तूप असलेल्या जेवणानंतर घ्या.

कास_पुष्प | गुरुवार, दुपारी ४.४०

तूप शेवटी जिंकलंच.

यवतेश्वर_घाट | गुरुवार, रात्री ९.००

एक शंका. ताटात आधी काय खावं यानेही फरक पडतो, असं मुलगा पुण्याहून सांगतो. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत पहिला वरणभात-तूप. पण गावाकडे घरी आधी भाकरी-कालवण, कांदा-मुळा, आणि भात सगळ्यात शेवटी, ताकाबरोबर घासभर. कोणतं बरोबर?

तंतुवाद्य_मिरज | गुरुवार, रात्री १०.१०

काका, साखरेच्या हिशेबाने गावाकडचं. न्यूयॉर्कमध्ये २०१५ मध्ये मधुमेह असलेल्या ११ जणांना तेच जेवण उलटसुलट क्रमाने दिलं. भाजी आणि मांस आधी, पाव शेवटी खाल्ला तेव्हा तासाभरानंतरची साखर एक तृतीयांशाहून जास्त कमी निघाली. अकराच माणसं, पण नंतरच्या प्रयोगांतही असंच दिसत आलंय. कोशिंबीर, उसळ, डाळ आधी, भात शेवटी. आणि वर शतपावली. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललं की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. शंभर पावलांत ते होत नाही, हजार-दीड हजार धरा.

यवतेश्वर_घाट | गुरुवार, रात्री १०.२५

माझी शतपावली राजवाड्यापर्यंत असते. तिथे पेढ्यांची दुकानं आहेत, हा दोष माझा नाही.

चार_ते_बारा | तीन आठवड्यांनी, शनिवार, दुपारी ३.१५

सांगतो म्हणालो होतो. आठ ते चारची पाळी झाली. बायको म्हणाली सहाला चूल पेटवते पण मग रात्री तुमच्यासाठी जागणार नाही. सौदा झाला. सातला जेवून गेलो, एकला ताक आणि फुटाणे. पहिले तीन दिवस दोन वाजता पोटात खड्डा पडला, शेजारच्याच्या डब्याचा वास यायचा. चौथ्या दिवसापासून सवय झाली. साखर अजून तपासली नाही, तीन महिन्यांनी बघायची. पण एक कळलं, तीनच्या सुमाराला जी गुंगी यायची, पॅनच्या काचेपुढं डोळे मिटायचे, ती बरीच कमी झाली. चहा दोनाचा एक केला.

हरिपूरची_पेवं | दोन महिन्यांनी, रविवार, रात्री ९.५०

उशिराने आले, माफी. आईची तपासणी झाली. शौचातून रक्त नाही, पोटात काही नाही, फेरिटिन खूपच कमी, बी-१२ काठावर. डॉक्टरांना सगळं सांगितलं, ते हसले आणि चिठ्ठी बदलून दिली. लोह एक दिवसाआड, सकाळी अकराला, लिंबूपाण्याबरोबर. पूर्ण रिकाम्या पोटी घेतली तेव्हा मळमळलं, म्हणून ही अधलीमधली वेळ. कॅल्शियम रात्री जेवणानंतर. पोह्यांबरोबरचा चहा गेला, जेवणावरचा चहा साडेतीनला सरकला. त्यासाठी शेजारच्या वहिनींनाही साडेतीनची वेळ द्यावी लागली, कारण तो चहा दोघींचा असतो.

हिमोग्लोबिन १०.६. यात श्रेय नेमकं कशाचं, चहा सरकवल्याचं, गोळ्या वेगळ्या केल्याचं, की एक दिवसाआडचं, ते सांगता येत नाही. सगळं एकदमच बदललं. रात्री जेवण आता आठला, मालिकेच्या आधी. पळी मीच फिरवते, खालून. बाबांनी दोन दिवस तक्रार केली की आमटी पातळ झाली, तिसऱ्या दिवशी त्यांना कारण सांगितलं तेव्हा गप्प झाले आणि आता डाळ मूठभर जास्त पडते.

फ्रीजवर पाकिटांची चळत नाही. दिनदर्शिकेवर खुणा आहेत, "लो" आणि "कॅ". आता आईचा एक प्रश्न आहे, मला उत्तर येत नाही. येत्या संकष्टीला "लो" आलंय. ती दिवसभर उपास करते आणि चंद्रोदयानंतर गणपतीला नैवेद्य दाखवून जेवते. अकराला गोळी घेतली तर उपास मोडतो का, असं तिने विचारलं, मी म्हटलं, नाही मोडत. पण पोटात काही नसताना ती सोसेल का?

तंतुवाद्य_मिरज | रविवार, रात्री १०.०५

१०.६, छान! संकष्टीची गोळी दुसऱ्या दिवशी घ्या, एका दिवसाने काही बिघडत नाही. खुणा तेवढ्या पुढे सरकवा. आणि चंद्रोदयानंतर जेवायला बसतील तेव्हा मोदकाच्या आधी आमटी वाढा. खालून.